होडी मिस्त्रीकाकांना, बाकीचं ज्याचं त्याला

मी, वय वर्षं तेवीस, तब्येत ठणठणीत, डोकं ठिकाणावर (याबद्दल घरात दोन मतं आहेत, पण मृत्युपत्र माझं आहे), कोणाच्याही दबावाखाली न येता हे लिहून ठेवते. म्हणजे दबाव आहे थोडा. बाबा म्हणाले, "उद्या त्या होडीतून जायचंच आहे ना? मग आधी मृत्युपत्र लिही." त्यांना वाटलं मी घाबरेन. मी पेन मागितलं. माझं सगळं शिक्षण इंग्लिश मीडियममधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाची जबाबदारी वारसांवर.

कलम १. होडी. साडेचौदा फूट, लाकडी, एका शिडाची, माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आजोबांसाठी मिस्त्रीकाकांनी स्वतःच्या हाताने बांधलेली. आजोबा गेल्यापासून ती शेडमध्ये उलटी पडली होती आणि आई तिच्यावर गाद्या वाळत घालायची. समुद्र खवळलेला असतो ते चार महिने सगळ्या होड्या काठावर असतात, तेवढ्यात मी ती दुरुस्त केली. म्हणजे काका सांगायचे आणि मी करायचे. तीन कुजक्या फळ्या बदलल्या, डोलकाठी घासली, सुकाणूचा दांडा हातभर लांब केला, कारण आजोबांचे हात लांब होते आणि माझे नाहीत.

ही होडी मी मिस्त्रीकाकांना देते. ते एकोणीस दिवसांपासून माझ्याशी बोलत नाहीयेत, तरीही.

का बोलत नाहीत तेही लिहायला हवं. काका आठवडाभर लेकीकडे गेले होते. जाताना बजावलं, "फळ्यांमधल्या फटींना हात लावू नकोस." इतकी वर्षं कोरड्यात राहून लाकूड आकसलं होतं, फटींतून पलीकडचा उजेड दिसायचा. मला राहवेना. एक व्हिडिओ बघितला आणि सगळ्या फटींत दगडासारखं घट्ट होणारं फिलर भरलं. एकदम गुळगुळीत. फोटोही काढले. काका आले, नख मारून बघितलं.

"हे कोणी सांगितलं?"

"व्हिडिओत असंच दाखवलंय, काका."

"लाकूड पाण्यात फुगतं, बाळ. फटी तेव्हा मिटतात. तू तिथे दगड कोंबलास. आता फुगलेली फळी जाणार कुठे? खिळे उपटून बाहेर येईल."

"पण व्हिडिओत..."

"मग बुडताना व्हिडिओलाच हाक मार."

पिशवी उचलली आणि गेले. मी माफी मागितली नाही. उद्या होडी तरंगली तर मी बरोबर. बुडाली तर हा कागद आहेच.

कलम २. दादाला त्याचं ड्रिल मशीन. "हरवलं" असं मी सांगितलं होतं, ते खोटं होतं. शेडमधल्या दोरखंडाखाली आहे. अट एकच: होडीला मोटर बसवायची नाही. "आजच्या जगात वाऱ्याच्या भरवशावर कोण राहतं?" असं तो म्हणाला होता. हे म्हणणाऱ्या माणसाची बाईक तेव्हा बंद होती आणि त्याला ऑफिसला मी सोडत होते.

कलम ३. आईला तिचा पिठाचा डबा. त्यात मी व्हार्निश कालवलं. "मांजराने पाडला" हेही खोटं. आपल्याकडे मांजर नाही, हे तिच्या कसं लक्षात आलं नाही याचं मला अजून नवल वाटतं.

कलम ४. बाबांना त्यांनीच आणलेलं लाइफ जॅकेट. दोन नंबर मोठं आहे, घातलं की मला माझे पाय दिसत नाहीत. मी ते घालून गेले असेन तर हे कलम रद्द, कारण मग मी जिवंत असेन. तशी त्यांची गॅरंटी आहे.

कलम ५. आजोबांची लाकूड तासायची पटाशी. तीही काकांनाच. पहिल्या दिवशी तिने माझा अंगठा कापला. दुसऱ्या दिवशी काकांनी तिला माझ्या हातात बसेल अशी नवी मूठ बसवून आणली.

इथपर्यंत लिहून झाल्यावर साक्षीदार शोधले. मावशी वकील आहे, ती एक. दुसऱ्याला बाबा न विचारता घेऊन आले. मिस्त्रीकाका. दारातच उभं राहून त्यांनी सगळा कागद वाचला, माझ्याकडे न बघता.

मावशी म्हणाली, "मिस्त्री, एक सांगते. साक्षीदाराला यातलं काही घेता येत नाही. होडी हवी असेल तर सही करू नका, आपण दुसरं कोणी बघू."

काकांनी चष्मा पुसला. "म्हणजे सही केली की होडी मला नाही?"

"नाही."

"हिचीच राहणार?"

"हिचीच."

"मग पेन द्या."

मी म्हटलं, "काका, चुकलं माझं."

"ते मला एकोणीस दिवसांपासून माहीत आहे. पटाशी कुठाय?"

म्हणून ही दुरुस्ती: वर जिथे जिथे "उद्या" लिहिलंय, तिथे "सगळं फिलर खरवडून, होडी काठाला बांधून चार दिवस पाणी पिऊ दिल्यावर" असं वाचावं.

ठिकाण: शेड, होडीच्या पोटाखाली.
तारीख: होड्यांचा सीझन उघडायच्या आदला दिवस, संध्याकाळी पाच.

लिहून ठेवणारी: (सही. अंगठा पुन्हा कापलाय, ठसा मागू नये.)

साक्षीदार १: मावशी. (सही. भाचीच्या डोक्याबद्दलचं मत राखून.)

साक्षीदार २: मिस्त्री. (सही, आणि खाली त्यांच्याच अक्षरात: "पहिल्या फेरीला मी हिच्याबरोबर बसणार आहे. कागद कपाटात ठेवा, घाई नाही.")