विहिरीजवळची ओळ

७ डिसेंबर, रविवार
तिगावला आलो. बाबा गेल्यापासून दर रविवारी येतो. सौंसरहून पहिली बस, पांढुर्ण्याला बदल. आई ओसरीत तुरीच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "बगीचा ताणावर सोडला. पाणी बंद." बाबाही याच सुमारास बंद करायचे. दीड-दोन महिने झाडं कोरडी ठेवायची, पानं सुकू द्यायची, मग पाणी दिलं की संत्र्याला फूल येतं. लहानपणापासून पाहत आलो, स्वतः कधी केलं नाही. मी सूतगिरणीतला माणूस.
उझबेकिस्तानच्या नोकरीचं आईला सांगायचं ठरवून आलो होतो. सांगितलं नाही.

१० डिसेंबर, बुधवार
सौंसर. व्हिडिओवर मुलाखत झाली. तिकडच्या गिरणीचा मॅनेजर तमिळ, पण हिंदीत बोलला. पिहूने फोन धरला होता, तिचा हात हलायचा. त्याने विचारलं, मशीनच्या एकाच बाजूला धागा तुटतोय, पहिले काय उघडाल? म्हटलं, पहिले काहीच उघडणार नाही. चालू मशीनजवळ उभा राहून ऐकेन. तो हसला. मग बराच वेळ कामाचंच बोललो. फोन ठेवल्यावर पिहू म्हणाली, "पप्पा, तुम्ही घरात इतकं कधीच बोलत नाही."
खरं आहे.

१३ डिसेंबर, शनिवार
निवड झाली. मेंटेनन्स इन्चार्ज. दोन वर्षं, एकट्याने राहायचं. होळीनंतर रुजू. पगार ऐकून रंजनाने पुन्हा एकदा विचारलं, मग गॅस बंद करून खाली बसली. बायको म्हणून तिने पहिले खूश व्हावं असं वाटत होतं. ती म्हणाली, "पिहूचं अन् माझं मी धकवते. पन तुमच्या आईचं काय? त्या सौंसरात दोन दिवस टिकत नाहीत."
बाबांना सांगता आलं असतं तर. मागे विश्वकर्मा पूजेला ते गिरणीत आले होते. टोपीवर कापसाचे तंतू घेऊन बराच वेळ माझ्या मशीनपुढे उभे. परतताना सगळ्या बसला सांगत गेले, "हे सूत माह्या पोराच्या मशीनवरचं आहे." हातात सुताचा एक कोन होता, तो अजून तिगावच्या कोनाड्यात आहे.

१९ डिसेंबर, शुक्रवार
जगदीशला विचारलं. आमच्याच खात्यात फिटर, इथिओपियाला दोन वर्षं राहून आला.
"पैशाचं सोड. ड्यूटी सुटल्यावर काय करशील ते सांग. मी भिंत पाहत होतो."
"मग जाऊ नको म्हणतो?"
"असं कोन म्हनते? तिथं मले मास्टर म्हनत. इथं, ए जगद्या." मग माझ्याकडे पाहून, "पन तिथं बर्फ पडते बाप्पा. तू तं सौंसरातच दोन स्वेटर घालून राहिला."
व्हिसासाठी फोटो काढला. बाबांच्या वेळी उतरवलेले केस अजून पुरते आलेले नाहीत. फोटोवाला म्हणाला, टोपी चालत नाही.

२८ डिसेंबर, रविवार
बगीचा पाहवेना. पानं वळली आहेत, रंग उतरला आहे. विहिरीजवळची ओळ बाबांनी स्वतः लावलेली, ती सगळ्यात वाईट. जेवण झाल्यावर आई जरा आडवी झाली होती. मी गेलो आणि मोटर चालू केली. फक्त त्या ओळीला पाणी सोडलं. माती पाणी ओढत होती त्याचा आवाज येत होता. बाबा दवाखान्यात शेवटी पाणी मागत होते आणि डॉक्टरांनी पाणी बंद…
मोटरचा आवाज ऐकून आई धावत आली. चप्पलही नव्हती पायात. "बंद कर! बंद कर पह्यले!"
बंद केली. आई रागावली नाही. स्टार्टरमधला चिनी मातीचा फ्यूज ओढून काढला, पदरात बांधला. म्हणाली, "चुकलं माहं. दर साल मीच काढून ठेवतो. यंदा ध्यानात नाही राह्यलं."
"बाबा काढत होते ना?"
"तुहे बाबा? त्याहिच्याच भेवानं तं काढावं लागे. झाड सुकलं का त्याहिले जेवन जाये ना."
इतकी वर्षं मला वाटायचं, बाबांचं मन घट्ट आहे.

४ जानेवारी, रविवार
आईला सगळं सांगितलं. देश कुठे, किती दिवस, काम काय. तिने मधे एकही प्रश्न केला नाही. शेवटी विचारलं, "तिथंही कापूसच पिकते?"
"हो. खूप."
"मंग बरं आहे." थोड्या वेळाने, "पासपोर्ट कसा असते, दाखव."
दाखवला. फोटो पाहिला, पुसला, आणि फ्यूज ज्या स्टीलच्या डब्यात ठेवला होता त्याच डब्यात ठेवून झाकण लावलं. रंजनाला सांगितलं तर ती हसून हसून बेजार. "झालं! आता बगीचा अन् तुम्ही, दोघंही ताणावर."

१४ जानेवारी, बुधवार
संक्रांत. दुखवट्याचं वर्ष, आमच्याकडे तिळगूळ केला नाही. शेजारच्या बायांनी आणून दिला. रंजना आणि पिहू सोबत होत्या. काका आले. बाबांचे धाकटे भाऊ, धुऱ्यापलीकडे, बांधाला बांध लागून त्यांचं शेत. त्यांना कळलं होतं.
"बापाची बरसी नाही झाली अन् तू समुद्र वलांडून चालला? लोक काय म्हनतीन?"
पिहूने दप्तरातून नकाशा काढून काकांच्या मांडीवरच पसरला. "आजोबा, मधे समुद्र कुठे आहे? दाखवा." काकांनी चष्मा लावून शोधला. पाकिस्तान सापडलं, अफगाणिस्तान सापडलं, समुद्र काही सापडला नाही.
आई आतून म्हणाली, "भाऊजी, सापडला का? का तिळगूळ देऊ पह्यले?"
काका नकाशाची घडी करत बसले. जाताना मला बाजूला घेऊन, "समुद्राचं सोड. बरसीले सुट्टी भेटीन का, ते विचारून ठेव." भाऊ त्यांचाही गेला आहे.

२५ जानेवारी, रविवार
गेलो तेव्हा आई धुऱ्यावर उभी. म्हणाली, "आज सोडू." डबा उघडून फ्यूज दिला. पासपोर्ट आतच. पहिलं पाणी हलकं द्यायचं असतं, ती पुढे चालत कुठे वळवायचं ते सांगत होती, मी फावड्याने माती ओढत होतो. पाणी झाल्यावर तिने फ्यूज परत डब्यात ठेवला.
विचारलं, आजच कसं ठरवलं?
"तुहे बाबा रोज येऊन फ्यूज मांगत. भांडत. मंग एक दिवस मांगत नसत, नुसते उंबरठ्यावर बसून राहत. त्या दिवशी देऊन टाको."
"आणि यंदा?"
"यंदा झाडाकडेच पाहा लागलं."

८ फेब्रुवारी, रविवार
कळ्या आहेत. विहिरीजवळच्या ओळीला नाहीत. तिथे नुसती कोवळी पालवी.
मॅनेजरचा फोन, अजून होकार का कळवला नाही म्हणून. ते थांबायला तयार आहेत पण फार नाही. बरसीला सुट्टी देतो म्हणाले. मी विचारलं म्हणून त्यांना वाईट वाटलं नाही, उलट, "ऐसे ही आदमी चाहिए" म्हणाले. हे काकांना सांगायचं.
जावं असं वाटतं. हे पहिल्यांदा लिहिलं.

२२ फेब्रुवारी, रविवार
उद्या हो किंवा नाही कळवायचं. हो असेल तर पासपोर्ट व्हिसासाठी दिल्लीला पाठवायचा.
बगीचा पांढरा झाला आहे. पांढुर्ण्याची बस फाट्यावर थांबली तेव्हाच वास आला. इतका बहार बाबांच्या हातूनही क्वचित आला असेल. आईने एकटीने आणला. मी तिला असं म्हणालो. ती म्हणाली, "एकटीनं कायचा? मोटर होती ना."
काका आले. सगळा बगीचा फिरून विहिरीजवळ थांबले. ती एक ओळ हिरवीगार, फूल एकही नाही. "वहिनी, हे ओळ काहून बिघडली?"
मी सांगणारच होतो. आई म्हणाली, "बिघडली नाही भाऊजी. पोट्टं बापावर गेलं."
काकांना कळलं की नाही माहीत नाही.
घरी आलो. शेवटी विचारलं, "आई, जाऊ का?"
"मले काहून विचारतं? मी त्याहिले बेचाळीस साल नाही म्हनत आली. आता कोनाले नाही म्हनाची ताकद नाही माह्यात." मग डबा काढून माझ्यापुढे ठेवला, झाकण उघडलं. "फ्यूज माह्याजवळ राहीन. दुसरं काय ठेवाचं, काय न्याचं, तूच पाह्य."
आणि भाकरी टाकायला आत गेली.
आतून थापण्याचा आवाज येतो आहे. डब्यात फ्यूजच्या खाली पासपोर्ट आहे. फ्यूज उचलून बाजूला ठेवला. शेवटची बस पाचची. झाकण अजून लावलेलं नाही.