एका बादलीला किती स्तुती?

मुरेवा,
ऑगस्टच्या सुट्टीतला सोमवार, कोंबड्या खुराड्यात परतल्यावर

माझी धाकटी बहीण केरेसिया, हरणाच्या कुळातली चिहेरा, बाबांची लाडकी, हिला मोठी बहीण मार्वेई हिच्या दोन्ही हातांच्या टाळ्या आणि नमस्कार.

मी बरी आहे, तू बरी असशील तर. तू बरी नसशील तर हे पत्र उशाखाली ठेव आणि बरी झाल्यावर वाच, कारण मागचं पत्र वाचताना तुला हसून ठसका लागला आणि दोष माझ्या माथी आला. गुडघा काय म्हणतोय? माझा डावा रोज सकाळी कुरकुरतो आणि काम आटोपलं की गप्प बसतो, अगदी आपल्या थोरल्या काकांसारखा. (देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. आळशी मात्र होतेच.) तुझी काळी शेळी व्याली का? दोन झाली असतील तर एक माझं, हे ठरलेलं आहे. एकच झालं असेल तर मी काही बोलत नाही, पण लक्षात ठेवते.

तर सांगायचं ते असं, की माझ्या लेकीनं, स्पिवेनं या सुट्टीत दोन्ही पोरं माझ्याकडे धाडली. पहिल्यांदाच, शाळा उघडेपर्यंत! अनोतिदा आता माझ्या खांद्याला लागलाय आणि मकानाकाचे पुढचे दात पडलेत, त्यामुळे ती बोलली की शिट्टी वाजते. घर कसं भरून गेलं म्हणून सांगू! पण पहिल्याच जेवणाला मला कळलं, की पोरं कपडे घेऊन आलीत, खेळणी घेऊन आलीत, हात तेवढे हरारेलाच विसरून आलीत. ताट जिथं जेवलं तिथंच. अनोतिदाला विहिरीवर नेलं, तर रिकामी बादली दोन बोटांत धरून आला, जसा मेलेला उंदीर. मकानाकाच्या हातात केरसुणी दिली तर म्हणते, "आजी, ही मोडलीये. हिचा दांडा कुठाय?" (केरसुणीला दांडा! झाडायला वाकावं लागतं हे त्या पोरीला कुणी सांगितलंच नव्हतं.)

मी सगळं करून पाहिलं. रागावले, तर दोघं माझ्याकडे टीव्ही बघावा तशी बघत बसली. मक्याच्या लाह्यांचं आमिष दाखवलं, तर लाह्या खाल्ल्या आणि अंगणभर सांडल्या, म्हणजे झाडायचं काम उलट वाढलं. आळशी सशाची गोष्ट सांगितली, तर पोरं सशाच्या बाजूनं झाली. त्यात स्पिवेचा फोन. म्हणाली, "आई, पोरं कंटाळली असतील तर सांग, त्यांचे मारोंडेराचे आजोबा बोलावतायत." म्हणजे आपले व्याही, निवृत्त हेडमास्तर. त्यांच्याकडे विटांचं घर, नळाचं पाणी आणि भिंतीएवढा टीव्ही. माझ्याकडे काय? विहीर आणि मी. इतक्या वर्षांनी अंगणात पोरांचा आवाज आलेला, तो चार दिवसांत गाडीत बसून जाणार.

त्याच दुपारी मी ओट्यावर शेंगा सोलत होते. मकानाका आपण होऊन मगभर पाणी घेऊन आली. (अर्धं वाटेत सांडलं, पण आपण होऊन आणलं.) आता तुला ठाऊकच आहे, आपल्यात कुणी काही केलं तर त्याला कोरडं थँक्यू देत नाहीत. मी मग खाली ठेवला, टाळ्या वाजवल्या आणि सवयीनं तिच्या बापाच्या देवकाचं नाव घेऊन म्हटलं, "आभारी आहे, सोको! वानराच्या लेकी, फांदीवरून जग बघणारे, कड्यावर न घसरणारे!" पोरीनं डोळे एवढे मोठे केले.

"आजी, हे मला म्हणालीस?"

"मग काय विहिरीला?"

"अजून म्हण ना."

मी म्हटलं, एका मगाला एवढंच मिळतं. तिनं जरा विचार केला आणि शिट्टी वाजवत विचारलं, "मग एका बादलीला किती?"

केरेसिया, मी चौथीत शाळा सोडली, पण हा प्रश्न ऐकून मला वाटलं की मीच हेडमास्तरीण झाले. म्हटलं, आणून तर बघ. ती अर्धी बादली डोक्यावर धरून आली, निम्मी भिजलेली, आणि पुढ्यात उभी राहिली, जसा पाहुणा जेवणाची वाट बघत उभा राहतो. आणि इथं माझी पंचाईत झाली. मी आपल्या हरणाच्या कुळाची. वानराच्या कुळाची स्तुती मला येते ती लग्नाकार्यात ऐकलेली, तीन ओळी, आणि त्या मगातच संपलेल्या! पण पोरीचं तोंड बघून गप्प राहवेना. मग मी तिथल्या तिथं रचली. "आभारी आहे, सोको! न हिंदकळता पाणी आणणारे! ज्यांना बघून विहीर आपणहून वर येते!" हे ऐकून अनोतिदा आतून पळत आला आणि म्हणाला, मी पण सोकोच आहे, मला का नाही?

त्या दिवसापासून काय सांगू तुला! ताटाला एक ओळ, हंड्याला दोन, सरपणाच्या मोळीला सगळी म्हणायची आणि वर टाळ्या. भांड्यांसाठी मी रचलं, "काजळीचा आरसा करणारे." खुराड्यासाठी रचलं, "ज्यांच्या केरसुणीला कोंबडे सलाम करतात, ते झाडूराजे." अनोतिदाला हे एवढं आवडलं, की तो दिवसभर खुराडंच झाडायला लागला. कोंबड्यांना बसायला मिळेना, त्या शेजारणीकडे जाऊन अंडी घालायला लागल्या. मकानाकानं माझं पेजेचं मडकं इतकं घासलं, की वर्षानुवर्षं जपलेलं आंबवण धुऊन गेलं. मी रडू की हसू करत उभी, आणि ती पुढ्यात हात जोडून उभी, ओळीची वाट बघत. काय करणार, दिली ओळ.

पुढं अनोतिदानं मागितलं, की सारवायचं काम मला दे, त्याला किती ओळी? कोपरापर्यंत शेणात हात घालून त्यानं स्वयंपाकघर सारवलं, जरा नकाशासारखं झालं, पण सारवलं. आणि त्याला एवढा अभिमान, की शेजारणीच्या फोनवर फोटो काढून घेतला आणि कुणाला पाठवला? मारोंडेराच्या आजोबांना! लगेच स्पिवेचा फोन, आवाज रडवेला. व्याही म्हणाले होते, माझ्या नातवाला तिथं गुरं राखणाऱ्यासारखं राबवतायत, मी रविवारी जातो आणि दोघांना घेऊन येतो.

शनिवारी पोरांना काही सांगितलं नाही. त्यांच्या पिशव्या भरायला घेतल्या आणि पुन्हा रिकाम्या केल्या.

रविवारी प्रार्थना सुटल्यावर गाडी आली. जावईबापू चालवत होते. शेजारी व्याही, कोट, टाय, आणि चेहरा असा, की फळ्यावर कुणी चुकीचं लिहून ठेवलंय. आंब्याखाली खुर्चीवर बसले. मी माझा सगळ्यात जाडा कोंबडा कापलेला. (खुराड्याला कंटाळून तो अंगणातच राहायला आला होता, सापडायला सोपा गेला.) मक्याच्या पिठाचा घट्ट साद्झा, कोंबडीचा रस्सा, शेंगदाण्याच्या कुटातली भाजी. जेवले, पण पोरांकडे बघत बघत, जसं वर्गात कुणाच्या नखात घाण आहे ते बघावं. मग म्हणाले, "विहीणबाई, पिशव्या तयार असतील ना?" आणि म्हणता म्हणता, सवय म्हणून असेल, माणूस भला आहे, स्वतःचं ताट उचलून त्यांनी मकानाकाच्या हातात दिलं.

झालं! ताट उचललं म्हणजे काम झालं. मकानाका गुडघ्यावर बसली, टाळ्या वाजवल्या आणि गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सुरू झाली, "आभारी आहोत, सोको! काजळीचा आरसा करणारे! ज्यांच्या केरसुणीला कोंबडे सलाम करतात, ते झाडूराजे!"

केरेसिया, मला धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं झालं असतं. त्यांचे पूर्वज म्हणे डोंगरावरचे मोठे मानाचे लोक, आणि मी त्यांना खुराड्यात घातलं! जावईबापूंना रस्सा नाकात गेला. व्याही खुर्चीत पुढं सरकले.

"हे कुणी शिकवलं?"

"आपलंच आहे ना आजोबा," मकानाका म्हणाली. "तुम्हाला येत नाही?"

अनोतिदानं तिला कोपर मारलं. "त्यांना कसं येईल? त्यांनी कधी खुराडं झाडलंय?"

मग व्याह्यांनी हळूच कोट काढला, खुर्चीच्या पाठीवर टाकला, टाय शर्टात खोचला आणि विचारलं, "विहीणबाई, केरसुणी कुठाय?" मी त्यांच्या कुळाच्या मानाच्या नावानं हाक मारून म्हटलं, अहो मुकान्या, असं काय करता, लोक काय म्हणतील! ते म्हणाले, "माझ्याच कुळाची स्तुती मला येत नाही, असं माझी नात म्हणते. आधी ते बघतो." आणि वाकून खुराड्यात शिरले. दोन्ही पोरं दाराच्या दोन बाजूंना उभी राहून घसा फोडून ओळी म्हणत होती. बाहेर आले तेव्हा केसात पीस आणि घामानं शर्ट चिकटलेला. कमरेवर हात ठेवून सरळ झाले आणि म्हणाले, "ते सलामाचं पुन्हा म्हणा बघू."

मग त्यांनी पोरांना शेजारी बसवून खरी स्तुती शिकवली, डोंगर, दगड, फांद्या, सगळं. पोरांनी नीट ऐकून घेतलं आणि ठरवलं, की खरी पाहुण्यांसाठी आणि आजीची कामासाठी. उन्हं कलल्यावर व्याही गाडीत बसले, एकटेच, म्हणजे जावयासोबत. काच खाली करून म्हणाले, "पोरं शाळा उघडेपर्यंत राहू देत. पुढच्या रविवारी मी येतो. भांडी मात्र माझ्यासाठी ठेवा."

मी गाडी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवला आणि मग ओट्यावर बसून पदरानं डोळे पुसले. धूळ उडाली होती ना.

तुला, तुझ्या शेळीला आणि होणाऱ्या करडांना आशीर्वाद.

तुझी मोठी बहीण,
मार्वेई

ता. क. पोरांना कामाची गोडी लागली, असं वर लिहिलंय ते खरं आहे, पण आज सकाळचं लिहायचं राहिलं. मी केरसुणी उचलली, तर मकानाका म्हणाली, "आजी, आज तू झाड, आम्ही म्हणतो." दोघं लाह्या घेऊन ओट्यावर बसली आणि टाळ्या वाजवून सुरू झाली, "आभारी आहोत, चिहेरा! हरणाच्या लेकी!" केरेसिया, माझे धनी गेल्यापासून या अंगणात मला कुणी असं म्हटलं नव्हतं. मी अंगण झाडलं, भांडी घासली, पाणी भरलं, सरपण फोडलं. दुपारी माझ्या लक्षात आलं, की पोरांनी सकाळपासून इकडची काडी तिकडे केलेली नाही.

पुन्हा ता. क. पत्र खरं लिहिलं ते यासाठी. पोरांना आपल्या कुळाच्या दोनच ओळी येतात. बाकीच्या मला येतात, पण आपली स्तुती आपणच शिकवायची म्हणजे आपल्या पाठीवर आपणच थाप मारणं, हात पोचत नाही. तेव्हा बाबा म्हणायचे तशी सगळी लिही, तूच आपणहून पाठवल्यासारखी, आणि बुधवारच्या बसच्या कंडक्टरकडे दे. गुरुवारी सगळी ब्लँकेटं नदीवर धुवायला काढलीयेत, आणि दोन ओळींत माझ्याच्यानं एक उशीसुद्धा धुऊन व्हायची नाही.