लाल फुलीचा बोर्ड

सेमेसा,

टीव्ही का लागत नाही म्हणून मी दोन दिवस त्याच्या आतल्या मुख्य बोर्डाला मीटर लावून डोळे फोडून घेतले, आणि तू शेजारी बसून कसावा खात "सापडलं का गं?" विचारत होतास! आज पॉवर बोर्ड उलटा केला, तर त्यावर माझ्याच हातची लाल फुली. तुझ्या चुलतभावाचा, विलिमोनेचा जळका बोर्ड, गेल्या महिन्यात मीच बाद केलेला! आपला चांगला बोर्ड त्याला काढून दिलास ना?

"भावाने मागितलं तर नाही कसं म्हणू?" हेच म्हणशील. ठीक आहे. मी त्याचा अख्खा टीव्ही मागायला चाललेय. वहिनीला तो तरी नाही कसं म्हणेल?

मीटर सोबत नेतेय. घरात ठेवला तर तोही देऊन बसशील.

लितिया