बियांच्या पाकिटांवरील खोटे नाव

मी, एडविन सग्डन, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार स्किप्टन, यॉर्कशायर, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाविना, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. यापूर्वी लिहिलेली सर्व रद्द समजावीत.

१. घर व बँकेतील शिल्लक पुतणी ऑड्री हिला. खिडक्यांच्या फळ्यांवर कुंड्यांचे डाग आहेत, त्याबद्दल तिने मला दोष द्यावा.

२. बी रुजवायचे ट्रे आणि वाळूची चाळणीही ऑड्रीलाच. शेजारी डेस्मंड औथवेट साक्षीदार आहे, म्हणून त्याला काही ठेवता येत नाही. त्याने मी दिलेली दोन रोपे पाणी घालघालून मारली आहेत. तिसऱ्याला तरी जगू द्यावे.

३. हे कलम लिहिताना मला लाज वाटते. एकोणीस वर्षांपूर्वी आमच्या कोरफड मंडळाच्या बी-वाटपासाठी मी ठिपक्यांच्या बुटक्या कोरफडीचे अस्सल बी देईन, अशी भर सभेत फुशारकी मारली. एकट्या झाडाला बी धरत नाही, जोडीला त्याच जातीचे दुसरे लागते. माझे दुसरे कुजले होते. मी भलत्याच कोरफडीचे पराग ब्रशने लावले आणि पाकिटांवर अस्सल नाव लिहिले. दोन वर्षांनी लोकांच्या खिडक्यांत लांबट, काटेरी रोपे उभी राहिली. बी-वाटप म्यूरिएल थॅक्रे सांभाळायची. तिनेच पाकिटांची अदलाबदल केली, असे सभेत ठरले. मी बिस्किट खात गप्प बसलो. तिने ते काम सोडले, आणि ते माझ्याकडे घेऊन मी अकरा वर्षे मिरवले.

४. ~~माझ्या एकेचाळीस कोरफडी म्यूरिएल थॅक्रे हिला.~~

खाडाखोडीचा खुलासा: साक्षीदार म्हणून आलेल्या डेस्मंडने कलम तीन वाचून पेन खाली ठेवले. "मेल्यावर सांगणार होय? म्हणजे शिव्या खायला तू नसणार! पलीकडच्या गल्लीत राहते ती, एडविन. ऊठ."

मी गेलो. दारातच सगळे सांगितले. म्यूरिएल म्हणाली, "मी दोनदा डोळे तपासून घेतले होते. डोळे चांगले निघाले. मग वाटलं, आईसारखा मलाही विसर पडायला लागलाय. एकोणीस वर्षं त्या भीतीत काढली रे मी."

मला रडू आले. तिने आत ये म्हटले नाही, ते योग्यच होते.

"तुझी झाडं मला नकोत," ती म्हणाली. "ज्याला काही मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही ना? मग मी साक्षीदार होते."

म्हणून कोरफडी मंडळाला, खऱ्या नावांच्या पट्ट्यांसह. कलम तीन ऑक्टोबरच्या सभेत मी स्वतः, जिवंतपणी, उभा राहून वाचीन.

स्किप्टन, ७ सप्टेंबर २०१९. दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही:
एडविन सग्डन

साक्षीदार:
१. डेस्मंड औथवेट, शेजारी.
२. म्यूरिएल थॅक्रे. कलम तीन त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतले, दोनदा, आणि मगच सही केली.