सही कुणाची

आप्पा, आज तुमच्या नातीचा शिरूरच्या कॉलेजात प्रवेश पक्का करून आले. बी.एस्सी. नाही, बी.व्होक. तुमच्या वेळी हे नावही नव्हतं, म्हणून सांगते. डिग्रीच असते, तीन वर्षांची, पण आठवड्यातले निम्मे दिवस कॉलेजात आणि निम्मे कंपनीत. औषधं कशी बनतात, कशी तपासतात, ते प्रत्यक्ष करत शिकायचं. साधी केमिस्ट्रीची बी.एस्सी.ही तिला सहज मिळत होती. आठवडाभर दोन्ही फॉर्म टेबलावर पडून होते आणि आज शेवटची तारीख होती. तुम्ही असता तर हे ऐकून नुसता चष्मा काढून ठेवला असता, आणि मग घरात कुणाची बोलायची टाप झाली नसती.

तुमचा राग मला पाठ आहे. दहावीनंतर मी मैत्रिणीबरोबर दौंडला जाऊन आयटीआयचा फॉर्म आणला, तर तुम्ही भरलं ताट बाजूला सारलंत. कुरकुंभच्या रसायनांच्या कारखान्यात तुम्ही ऑपरेटर. टाकीतल्या ढवळणीचा आवाज जरा जड झाला, की आतला माल घट्ट होतोय हे तुम्हाला साहेबांच्या आधी कळायचं. तुम्ही सांगायचा, कालपरवा लागलेला केमिस्ट ते कागदावर लिहायचा आणि खाली स्वतःची सही ठोकायचा. "समदं मी करतो आन् सही त्याची," तुम्ही म्हणालात. "हातानं कामं करून आपल्या मागच्या पिढ्या झिजल्या. तू सही करायचीस." दोन दिवस मी धुसफुसत होते, पण गेले सायन्सला. बारावीचा निकाल लागायच्या आतच तुम्ही पुण्याहून पांढरा अ‍ॅप्रन आणलात, पार माझ्या पोटऱ्यांपर्यंत येणारा. आई म्हणाली, आता ही अजून किती वाढणार? तुम्ही म्हणालात, वाढंल की. तो मी बी.एस्सी.ची तीन वर्षं मिरवला.

आता खरं सांगते. पुस्तकातलं मी मन लावून शिकले, त्याचा आजही उपयोग होतो. पण प्रॅक्टिकलची रीडिंगं आम्ही सगळ्याजणी मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवायचो. एक ब्युरेट, म्हणजे थेंब सोडायची तोटीची काचनळी, सहाजणींत, कोण वाट बघणार? मग कुरकुंभलाच एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले. पहिली सकाळ. फिकट गुलाबी रंग आला की थेंब थांबवायचे असतात, आणि माझं द्रावण तिन्ही वेळा गडद राणी रंगाचं होतंय. मी वेड्यासारखी इकडंतिकडं बघतेय, जणू कुणाकडं तरी जुनं जर्नल असेल. लॅबमध्ये काचेची भांडी धुणारे मामा होते, आपल्याच गल्लीतले, दहावी नापास. त्यांनी माझ्या हातातली तोटी धरून फिरवून दाखवली. "थेंब बघ पोरी, घड्याळ नगं बघू," एवढंच बोलले. महिनाभर जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला शिकवलं, आणि आप्पांना सांगू नका म्हणून मी त्यांना शपथ घातली. संध्याकाळी तुम्ही चहाचा कप घेऊन विचारायचा, आज कशाकशावर सही केली? मी लांबलचक यादी सांगायचे. तुमचा खुललेला चेहरा बघून मला फार लाज वाटायची, आप्पा.

ही मामांची गोष्ट मी लेकीला सांगितली आणि तिनं ती धरूनच ठेवली. तरी माझं मन तयार होईना. लोक हिला ऑपरेटरच समजले तर? पुढं एम.एस्सी.ला अडवलं तर? कॉलेजातल्या मॅडमनी नीट समजावलं, की काही ठिकाणी प्रवेश मिळतो, काही ठिकाणी नाही, चौकशी करत राहावं लागेल. पोरगी शांतपणे म्हणाली, "करीन की चौकशी. पण मला कामावर पहिल्या दिवशी घाबरायचं नाही, आई."

तिच्या डोळ्यांत भीती नव्हती. त्या वयात मला ती कायम असायची. मी तळेगाव ढमढेऱ्याला माझ्या स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय, आणि बऱ्याच दिवसांनी मला हलकं वाटतंय. हे कागद पोस्टात पडायचे नाहीत, मला माहीत आहे. तरी एक सांगायचंच राहिलं. ऑफिसच्या खिडकीशी आमचा नंबर आला तेव्हा ती थांबली आणि तिनं विचारलं, "आजोबांना चाललं असतं का गं?" मी म्हटलं, हो, चाललं असतं. ती हसली आणि फॉर्म आत सरकवला. मी खोटं बोलले, आप्पा. तुम्ही तिच्याशी निदान आठ दिवस अबोला धरला असता. पण तिला तुमचा होकार हवा होता, आणि तो द्यायला आता मीच उरलेय.