साहेबांना गाडी लागते

४ फेब्रुवारी

मिळालं! बगळ्याचा इतिहास मी लिहायचा!

खरं तर गाडीचं नाव वेगळं आहे, पण नाकावर तो चांदीचा बगळा असतो म्हणून सगळं जग तिला बगळाच म्हणतं. कंपनीला नव्वद वर्षं होतायत. पुस्तक आठ आठवड्यांत हवंय. आजवर मी काय लिहिलं? स्क्रूच्या कारखान्याची सत्तर वर्षं, डिंकाच्या कंपनीची पन्नास. डिंकावर दोनशे पानं लिहिलेल्या बाईला कशाचीच भीती वाटू नये. पण मला गाडी चालवता येत नाही. हे त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो कोणाचा तरी दात बघत होता. पेशंटला तसंच तोंड उघडं ठेवायला सांगून बाहेर आला. “बगळा? आपला बगळा?” आपला! आपल्याकडे जी गाडी आहे ती उतारावर ढकलली तरच चालू होते.

७ फेब्रुवारी

प्रसिद्धीप्रमुखांना भेटले. वय चाळीसच्या आत, बूट इतके चकचकीत की त्यात मला माझी हनुवटी दिसली. मनातल्या मनात नाव ठेवून टाकलं — चकचकीत.

त्यांनी तीन पानं दिली. “ही आपली गोष्ट. ह्यात फक्त पानं वाढवायची.” गोष्ट अशी: संस्थापक जन्मजात अभियंते. वेगाचं वेड. लग्नाच्या दिवशी बायकोच्या कपड्यांवर चिखल उडाला आणि त्यांनी तिथेच शपथ घेतली, की अशी गाडी बनवीन जी पाण्यावरून बगळा जावा तशी जाईल.

“शपथ कोणी ऐकली?” मी विचारलं.

“म्हणजे?”

“म्हणजे कुठे लिहिलेलं आहे?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चपला घालून सोफ्यावर चढले होते. “ताई, हे पुस्तक पाहुण्यांना भेट द्यायचं आहे.”

१० फेब्रुवारी

दप्तरखाना जुन्या कारखान्याच्या तळघरात. तिथे एक काका, गेली एकतीस वर्षं. कोणीतरी कागद मागायला आलंय ह्यावर त्यांचा विश्वासच बसेना. दोनदा विचारलं, “वाट चुकलात का?” मग स्वतःची खुर्ची पुसून मला दिली आणि आपण खोक्यावर बसले.

पहिल्याच खोक्यात शोध! संस्थापक अभियंते नव्हतेच. कोच आणि खुर्च्या बनवायचे. पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत! काका म्हणाले, “नीट बघा, आमची गाडी म्हणजे काय? चाकं लावलेला कोच.”

११ फेब्रुवारी

बगळा हा बगळा नव्हता. बदक करायला घेतलं होतं. मान जास्त ओढली गेली. बिलावर स्पष्ट लिहिलंय — “बदक, एक नग.”

नवऱ्याला सांगितलं. त्याने जेवण अर्धं टाकलं.

१४ फेब्रुवारी

एक जुनी वही मिळाली. पहिली गाडी ज्याने हातांनी बनवली त्या लोहाराची. हो, लोहार. कारखान्याच्या शेजारी त्याचं दुकान होतं. अक्षर मोठं आणि प्रामाणिक. रोज गाडी रस्त्यावर काढायची आणि संध्याकाळी एक ओळ लिहायची.

“नदीकडचा रस्ता. अकरा मैल. साहेब तीन वेळा.”

“बाजाराचा रस्ता. चार मैल. साहेब दोन वेळा. मागच्या स्प्रिंगच्या पट्ट्या मऊ केल्या.”

“डोंगर. साहेब पाच वेळा. परत येताना बोलले नाहीत.”

काय तीन वेळा? मला वाटलं, साहेबांनी तीन वेळा स्टिअरिंग हातात घेतलं असेल. काकांना वाटलं, तीन वेळा रागावले असतील.

१७ फेब्रुवारी

कळलं!! आणि मी त्या तळघरात इतकी हसले की काका पाणी आणायला धावले.

संस्थापकांनी भावाला लिहिलेलं पत्र. जसंच्या तसं उतरवते: “तुला ठाऊकच आहे, कोणाच्याही मोटारीत बसलो की कोपऱ्यापर्यंत पोचायच्या आत पोटातलं सगळं वर येतं. लोक हसतात. बायको एकटी गावोगाव जाऊन येते आणि मी घरी. मला बसवेल अशी मोटार जगात कोणी विकत नाही, म्हणून शेजारच्या लोहाराकडून बनवून घेतो आहे. तो म्हणतो, साहेब, तुम्ही बसल्याशिवाय मला गाडीचं दुखणं कळत नाही.”

साहेबांना गाडी लागायची!

सगळं उलगडलं. बगळा एवढा मऊ का, आवाज का नाही, वळणावर कलंडत का नाही — कारण मागच्या सीटवर एक गृहस्थ हिरवेपिवळे होऊन बसले होते आणि पुढे एक लोहार आरशातून त्यांचं तोंड बघत होता. तोंड फिरलं की गाडी थांबवायची, पाना काढायचा, काहीतरी सैल करायचं. अशी दोन वर्षं!

आणि तो दारातला प्रसिद्ध कप्पा! शौकीन लोक ज्याच्यावर लेख लिहितात तो “हातमोज्यांचा कप्पा”. आतून मेणकापड, आणि धुण्यासाठी काढता येतो. हातमोज्यांसाठी धुवायचा कप्पा कशाला लागेल, हा प्रश्न नव्वद वर्षांत एकालाही पडला नाही.

१८ फेब्रुवारी

नवरा बोलत नाहीये. लहानपणापासून त्याच्या भिंतीवर त्या कप्प्याचा फोटो होता म्हणे.

१९ फेब्रुवारी

अजून नाही. फक्त एकदा म्हणाला, “मेणकापड नक्की होतं?”

२१ फेब्रुवारी

आज वहीचं शेवटचं पान वाचलं.

“मोठी फेरी. चाळीस मैल. साहेब झोपले. गाडी झाली.”

बस, एवढंच. काल-परवापर्यंत हसत होते, आज डोळ्यांत पाणी आलं. काका दुसरीकडे बघत राहिले, सज्जन माणूस. दोन वर्षं ज्याला चार मैल सुखाचे गेले नाहीत तो माणूस चाळीस मैल झोपला. लोहाराने त्याला उठवलं नसणार. माझी खात्री आहे, घरासमोर गाडी उभी करून तो तसाच बसून राहिला असणार.

हेच पुस्तक. दुसरं कुठलं?

२६ फेब्रुवारी

पहिली चार प्रकरणं चकचकीतांना दिली. बारा वाजता बोलावणं.

“ताई, लक्झरी आणि उलटी एका पानावर?”

“एका पानावर नाही, चाळीस पानांवर आहे.” हे तोंडातून निसटलं. जीभ माझी!

ते उठून खिडकीपाशी गेले. मग शांतपणे म्हणाले, की बाईंनी हे वाचलं तर तुमचं पुस्तक जाईल आणि माझी नोकरी. बाई म्हणजे अध्यक्षबाई, संस्थापकांची नात. वय अठ्ठ्याहत्तर. त्यांच्यासमोर लिफ्टसुद्धा हळू आवाजात थांबते असं म्हणतात. “त्यांची मुलाखत घ्यायला जाल तेव्हा ह्यातलं अक्षर काढायचं नाही. वचन द्या.”

मी मान हलवली. हो की नाही ते माझं मलाच कळलं नाही.

२७ फेब्रुवारी

काकांकडून कळलं ते असं. पुस्तक पाहुण्यांना भेट, ते पाहुणे म्हणजे कंपनी विकत घेणारे. वर्धापनदिनालाच सह्या. घेणारे कोण? फ्रीज बनवतात! त्यांना नाव हवंय आणि बगळा हवाय. कारखाना नकोय. नऊशे माणसं घरी बसतील. हे तळघरही रिकामं करणार.

“मग हे कागद?” मी विचारलं.

“त्यांनी विचारलं, किती किलो होतील,” काका म्हणाले.

मी पहिल्यांदाच त्यांना खोक्यावरून उठवून खुर्चीवर बसवलं.

५ मार्च

शपथ, चिखल आणि पाण्यावरचा बगळा लिहायला बसले. अडीच पानं झाली. गुळगुळीत. वाचून मलाच मळमळलं.

९ मार्च

बाईंची मुलाखत. सगळं लिहून ठेवते.

सकाळी अकराला त्यांच्या घरी. उंच, काठीसारख्या ताठ. मी वही उघडायच्या आत म्हणाल्या, “बसून काय कळणार? चल, पहिल्या गाडीतून चक्कर मारू.” तीच गाडी, लोहाराची! मला मागे बसवलं. नवरा हे ऐकेल तेव्हा काय करेल देव जाणे. बाई पुढे, ड्रायव्हरशेजारी. काच पूर्ण खाली. मी विचारलं, “तुम्ही मागे नाही बसत?”

“मला रस्ता बघायला आवडतं.”

पण त्या रस्ता बघत नव्हत्या. डोळे मिटून नाकाने श्वास घेत होत्या. टेकडीचं तिसरं वळण आलं आणि त्यांनी ड्रायव्हरच्या हातावर टिचकी मारली. सवयीची टिचकी होती ती. गाडी लगेच थांबली. बाई उतरल्या आणि कठड्यावर जाऊन बसल्या. चेहरा खडूसारखा.

“पित्त,” म्हणाल्या. “रोजचंच.”

मी शेजारी बसले. वचन आठवलं. चकचकीतांची नोकरी आठवली, माझं पुस्तक आठवलं. आणि मग माझ्या तोंडाने माझ्या परवानगीशिवाय सुरुवात केली. “बाई, हे पित्त नाही. तुम्हाला गाडी लागते. तुमच्या आजोबांनाही लागायची.”

ड्रायव्हर चटकन लांब जाऊन टायर तपासू लागला.

मी पिशवीतून वहीची नक्कल काढून वाचायला लागले. नदीकडचा रस्ता, साहेब तीन वेळा. बाजाराचा रस्ता, साहेब दोन वेळा. डोंगर, पाच वेळा, परत येताना बोलले नाहीत. इथे त्यांच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. मला वाटलं, आता इथल्या इथे मला हाकलणार. पण बाई हसत होत्या! कठडा धरून, आवाज न करता, मग मोठ्याने. ठसका लागेपर्यंत. “आजोबा? आमचे आजोबा?”

मग शेवटची ओळ वाचली. त्यांचं हसणं थांबलं. म्हणाल्या, “परत वाच.” परत वाचली.

मग सांगू लागल्या. वडील शर्यतीत गाडी चालवायचे. त्यांच्यासमोर सहा वर्षांची असताना गाडीत उलटी झाली, नव्या कातड्यावर. “ते म्हणाले, आपल्या घराण्यात हे कोणाला होत नाही, तू कुठली आलीस? तेव्हापासून लपवते आहे. बहात्तर वर्षं. गाड्यांच्या कंपनीची मालकीण आणि गाडीत बसता येत नाही. मला वाटायचं, ही कंपनी माझी नाहीच. चुकून माझ्याकडे आली. म्हणून तर—” आणि वाक्य तोडलं. म्हणून तर विकायला काढली, हे दोघींनाही माहीत होतं.

परत जाताना माझ्याशेजारी मागे बसल्या. ड्रायव्हरला म्हणाल्या, “हळू ने. आणि आरशात बघत राहा.”

१० मार्च

नवऱ्याला सांगितलं की मी मागच्या सीटवर बसले होते. त्याने माझा हात हातात घेतला. प्रेमाने नाही. सीटच्या कातड्याचा वास घ्यायला!

१५ मार्च

चकचकीतांचा फोन. आवाज बदललेला. “ताई, बाई सगळं छापायचं म्हणतायत. बदकासकट.” मग हळूच — “मला पण लागते हो गाडी. मोठ्या प्रवासात. कोणाला सांगू नका.”

पण विक्री आहे तशीच. बाईंनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही म्हणे.

२४ मार्च

पुस्तक छापून आलं. काकांना पहिली प्रत दिली. त्यांनी आधी लोहाराचं पान काढलं, मग चष्मा काढला.

परवाचा, वर्धापनदिनाचा कार्यक्रम ठरला. फ्रीजवाल्यांच्या इंजिनिअरांनी घाईघाईने बनवलेली, नाकावर बगळा लावलेली नवी विजेची गाडी बाईंना कारखान्यापासून सभागृहापर्यंत आणणार. बारा किलोमीटर. मग सह्या. कारखान्याच्या फाटकावर माणसं नुसती उभी होती. घोषणा नाही, काही नाही.

२६ मार्च

सही झाली नाही!

बाई नव्या गाडीत मागे बसल्या. सातव्या किलोमीटरला उतरल्या आणि उरलेले पाच चालत आल्या. आम्ही सगळे दीड तास सभागृहात ताटकळत. आल्या तेव्हा बूट धुळीने माखलेले, चेहरा पांढराफटक, आणि मान ताठ. पेन पुढे केलं गेलं. त्यांनी ते टोपण लावून परत दिलं.

“मलाच बसवत नाही ती गाडी लोकांना कशी देऊ?”

फ्रीजवाले जेवायलासुद्धा थांबले नाहीत. नऊशे माणसं उद्या कामावर.