बाथरूमच्या खिडकीतली गायिका

तीर्थरूप आत्यास,

भाच्याचा वाकून नमस्कार, आणि सूनबाईचा त्याहून जास्त वाकून (तिची कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या ती सगळ्यांशीच फार नम्रपणे वागते आहे असं वाटतं). तुझी तब्येत कशी आहे? गुडघे काय म्हणतात? नवी कवळी नीट बसली ना? मी स्वतः, आमच्या दवाखान्यातल्या दाताच्या डॉक्टरांनासुद्धा हात लावू न देता, घडवली आहे. टोचत असेल तर कळव, पण मागच्यासारखी भांडी घासायच्या काथ्याने घासू नकोस. पत्राला तसं खास कारण काही नाही. बऱ्याच दिवसांत बोलणं नाही, एवढंच.

तू विचारलं होतंस, नव्या घरी कसं काय? नवं आपलं म्हणायला. घर आपल्या आजोबांपेक्षा वयाने मोठं आहे आणि स्वभावानेही तसंच, म्हणजे कुठलंही दार एका हाकेत उघडत नाही. पण भाग असा, की दोन वळणं पुढे गेलं की भर बाजार, हॉर्न, धक्काबुक्की, आणि आमच्या गल्लीत शिरलं की फक्त पानांची सळसळ. दोन्ही बाजूंची झाडं वर एकमेकांच्या गळ्यात गळा घालून उभी. कामावर मी चालत जातो. शेजारी निवृत्त न्यायाधीश आहेत, ते मांजरालासुद्धा बाजू मांडायची संधी देऊन मगच हाकलतात. थोडक्यात, स्वर्ग. फक्त स्वर्गाच्या माडीवरच्या बाथरूमची खिडकी लागत नाही. कारण मागच्या झाडाची एक फांदी तिच्यातून आत आली आहे आणि जायचं नाव काढत नाही. (मी तिच्यावर टॉवेल टाकतो. सोयीची आहे, पण मुंग्या असतात.) नवी खिडकी बसवायची म्हटलं, तर या भागात खिळा ठोकायलाही वारसा समितीची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत आम्ही चादर बांधून आंघोळ करत होतो.

तर इथे दर रविवारी सकाळी एक बाई माणसांचा घोळका घेऊन येतात आणि जुन्या घरांचा इतिहास सांगतात. गळ्यात छोटा स्पीकर, डोक्यावर टोपी. न्यायाधीशांच्या घरात म्हणे कुणी शास्त्रज्ञ राहायचा, समोरच्या घरात दोन क्रांतिकारक लपले होते, कोपऱ्यावरच्या घरात तर एका कवीचं लग्न मोडलं. आम्ही दोघं फाटकाशी नटूनथटून उभे, की आता आपली पाळी. बाई आमच्या घराकडे बघून म्हणाल्या, "हे साधंच आहे. चला पुढे."

आत्या, हिचा चेहरा असा झाला, जसं भर वर्गात हजेरी घेताना हिचंच नाव गाळलं. आठवडाभर भाजीत मीठ नव्हतं. पुढच्या रविवारी मी व्हरांड्यात दाढी करत होतो, तर ही फाटकाशी जाऊन त्या बाईंना खालच्या आवाजात सांगते आहे, की या घरात एक थोर गायिका राहायची. प्रेमभंग झाला, तिने मैफली सोडल्या, आणि मग मागच्या खिडकीत उभी राहून फक्त त्या झाडासाठी गायची. म्हणून तर फांदी आत आली! मी दाढी अर्धी टाकून धावलो. म्हटलं, "अगं, हे कुठून काढलंस?" तर म्हणते, "तुम्ही गप्प बसा. साधंच आहे म्हणे!"

त्यानंतरच्या रविवारी मी अंगाला साबण लावून उभा असताना खिडकीखालून स्पीकरवर आवाज आला, "आणि हीच ती खिडकी." मी जागच्या जागी खाली बसलो. वारा सुटला, चादर हलली. खाली कुणीतरी हळवं होऊन म्हणालं, "अजूनही कुणीतरी आहे असं वाटतं." मी श्वास रोखून धरला, आणि साबण डोळ्यांत गेला तेव्हा जो आवाज माझ्या तोंडून निघाला, त्याला खाली टाळ्या पडल्या.

इथवर गंमत होती. पण ही कथा समितीच्या कानावर गेली, आणि माणूस येऊन सांगून गेला, की खिडकी ऐतिहासिक ठरणार आहे. पाहणी होईपर्यंत चादरसुद्धा काढून ठेवा. ही पलंगावर बसून रडायलाच लागली. खरं सांगावं तर गल्लीत तोंड दाखवायची सोय नाही, न सांगावं तर उघड्यावर आंघोळ. मी फार समजुतीने म्हणालो, की आपण आंघोळच सोडू. (त्यावर ती जे बोलली ते वडीलधाऱ्यांना लिहिण्यासारखं नाही.)

पुढच्या रविवारी घोळका खिडकीखाली टाळ्या वाजवून पुढे गेला, तरी एक म्हाताऱ्या बाई फाटकाशी थांबून राहिल्या. म्हणाल्या, "पाणी मिळेल का? मी लहानपणी याच घरात वाढले." हिने त्यांना हाताला धरून आतच आणलं. स्वयंपाकघरात बसवलं, चहा दिला, आणि त्यांनी विचारायच्या आत हिने सगळं भडाभडा सांगून टाकलं. बाई हसता हसता खोकायला लागल्या.

"गायिका कसली! त्या खिडकीतून आमची आई आम्हा बहिणींना हाका मारायची. सगळ्या झाडावर असायचो ना! आवाज असा, की बाजारातली माणसं वळून बघायची."

"मग मी समितीला खरं सांगते," ही म्हणाली.

बाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझ्या आईसाठी उभ्या जन्मात कुणी टाळी वाजवली नाही गं. आज खाली उभी राहून ऐकली, तर बरं वाटलं. तू नको बोलूस. मी बोलते."

पाहणीच्या दिवशी समितीचे तिघे आले, न्यायाधीशही काठी टेकत आले. प्रमुखांनी विचारलं, "गायिका याच खिडकीत गायच्या?" म्हाताऱ्या बाई ताठ उभ्या राहून म्हणाल्या, "छे हो! बाथरूममध्ये कोण मैफल करतं? ती पुढच्या व्हरांड्यात गायची. मी तिची मुलगी. मला माहीत नसणार तर कुणाला?" न्यायाधीशांनी बाईंकडे पाहिलं, मग हिच्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "साक्ष ग्राह्य आहे." (त्यांना सगळं कळलं असावं. त्यांच्या आणि आमच्या घरांमधली भिंत कागदाएवढीच आहे.)

तर आत्या, व्हरांड्यात पाटी लागणार आहे आणि परवानगी मिळून मागे नवी खिडकी बसलीसुद्धा. फांदी सुताराने हळूच बाहेर वळवली, मोडली नाही. त्या बाई आता आठवड्यातून एकदा येतात, व्हरांड्यात बसतात आणि घोळका आला की डोळे पुसतात. रडणं खरं की खोटं, विचारायचा धीर होत नाही. आम्ही सुखात आहोत. थोरांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद, आणि तुझ्या कुत्र्याला लांबूनच.

तुझा आज्ञाधारक,
भाचा

ता. क. पाटीवर लावायला समितीला गायिकेचा फोटो हवा आहे. त्या बाईंकडे आईचा एकही नाही. म्हणाल्या, "तुमच्या घरात मोठ्या आवाजाचं कुणी असेल तर द्या, आईला चालेल." आम्ही दोघांनी एका दमात तुझं नाव घेतलं. शाळेच्या मैदानावर माइकसमोर उभी राहून तू पिण्याचं पाणी संपल्याचं सांगत होतीस, तो फोटो तातडीने पाठव. डोळे मिटलेले, हात वर, चेहऱ्यावर एवढं दुःख! मागे काही लिहिलं असेल तर खोडून पाठव.

ता. क. २. संकोच वाटत असेल तर मुळीच आग्रह नाही. मोठ्या काकूने तिचा फोटो फ्रेमसकट पाठवायची तयारी दाखवली आहे. म्हणत होती, "तिला कशाला त्रास देता? तिचा आवाज तसाही माझ्यापेक्षा बारीकच."